पाठलाग सुरू झाला की चहा

हल्ली जुन्या गुप्तहेर मालिकांची थट्टा करायची टूम निघाली आहे. कुणीतरी मोबाईलवर एखादा तुकडा पाठवतं. पांढरी अँबॅसिडर पुढे, करडी फियाट मागे आणि खाली लिहिलेलं, "हा म्हणे पाठलाग! बैलगाडीसुद्धा यांना मागं टाकेल." मग सगळे हसतात. माझं मात्र डोकं फिरतं. हे लिहिणाऱ्यांनी ते पाठलाग पाय पसरून, सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघितलेले असतात. आमच्या घरात एक बाई होती, जिला त्यातला एकही धड बघू दिला नाही. ती माझी आई.

आधी त्या पाठलागांची बाजू घेते, कारण ती घेणारं आता कुणी उरलेलं नाही. आताच्या पाठलागात गाड्या हवेत उडतात, पुलावरून पडतात, पुन्हा चाकांवर उभ्या राहतात आणि आतल्या माणसाचा भांगसुद्धा विस्कटत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत चित्र बदलतं. कोण कुणाच्या मागे आहे हे समजेपर्यंत दोघंही मेलेले असतात. आमच्या वेळच्या पाठलागात गाडी खरी होती, धूळ खरी होती आणि मध्ये आलेली म्हैसही खरी होती. म्हैस बाजूला होईपर्यंत चोरही थांबायचा आणि गुप्तहेरही थांबायचा. एका भागात तर पळणाऱ्या चोराने वळण्याआधी खिडकीतून हात काढून रीतसर इशारा दिला होता. हसा खुशाल. आमच्या रस्त्यावरचे ट्रकवाले आजही देत नाहीत.

ही मालिका नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, आठवड्यातून एकदा संध्याकाळी लागायची. त्यातला गुप्तहेर पोट सुटलेला, सतत चष्मा पुसत बसणारा गृहस्थ होता. पण शेवटी चोर गाडीत बसून पळाला, की हा फियाटचं दार आपटायचा आणि अख्खी खोली पुढे सरकायची.

खोली म्हणजे आमची बाहेरची खोली. मिरजगावला हमरस्त्याला लागून आमचं घर. पुढे वडिलांचं खत-बियाण्याचं दुकान, मागे आम्ही राहायचो. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आळीत आमचा टीव्ही मोठा, लाकडी शटरचा, म्हणून मालिकेला आळीतले सगळे पुरुष आमच्याकडे. त्यात मानाची जागा थोरल्या चुलत्यांची, म्हणजे आण्णांच्या मोठ्या भावाची. ते खुर्चीत बसले की मालिका सुरू करायला हरकत नाही, असं जणू टीव्हीलाही माहीत होतं.

आणि टीव्ही ठेवला होता कुठे? स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून. चुलीपाशी, म्हणजे पंपाच्या स्टोव्हपाशी उभं राहिलं की मधल्या दारातून टीव्ही दिसायचा नाही. दिसायची ती टीव्ही बघणाऱ्या पुरुषांची तोंडं. आईने एकदा टीव्ही समोरच्या भिंतीला ठेवू या म्हटलं, तर आण्णा म्हणाले, अँटेनाची वायर पुरत नाही. स्वतः दुकानदार माणूस, आठवड्याला नगरला चक्कर, आणि वायर पुरत नाही! ती वायर शेवटपर्यंत पुरली नाही.

पाहुण्याला चहा द्यायचा ही रीत मला मान्य आहे. माणूस घरात आला आणि चहाविना गेला, तर आमच्याकडे ते चारचौघांत बोलून दाखवतात. पण चहा कधी, हे कोण ठरवणार? मालिका सुरू असताना खून झाला, पुरावे सापडले, गुप्तहेराने साक्षीदाराला घोळात घेतलं, तोवर आई दाराच्या चौकटीला टेकून, मान वाकडी करून बघायची. शेवटी चोर गाडीकडे धावला की आण्णा मान न वळवता म्हणायचे, "आता काय, नुसती पळापळीच हाय. तेवढ्यात चहा टाक."

नुसती पळापळी! तीच तर आईला बघायची होती. खून कुणी केला याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. ती पहिल्या पाचदहा मिनिटांतच सांगायची, "ह्यो दिवानजी दिसतोय," आणि बहुतेक वेळा तो दिवानजीच निघायचा.

तिला पळापळी का बघायची होती हे मला माहीत होतं, कारण तिने ते मला अनेकदा सांगितलं होतं. तिचं माहेर देवळाली प्रवऱ्याचं. ती लहान असताना तिची आजी बसने नगरला निघाली आणि स्वतःची औषधाची पिशवीच घरी विसरली. आईचे मामा साखर कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. त्यांनी पिशवी घेतली, शेजारी उभ्या असलेल्या आईला उचलून जीपमध्ये टाकलं आणि एसटीच्या लाल डब्याच्या मागे लागले. राहुरी गेली, तरी डबा सापडेना. विळदच्या घाटात तो पुढे दिसला तेव्हा आई सीटवर उभी राहून ओरडत होती. "वारं असं तोंडावं येत हुतं, की डोळं उघडं ठेवता येईनात," ती सांगायची. "आन मामा म्हनायचा, घट धर, घट धर." मामांनी डबा गाठला, पिशवी दिली आणि परत फिरले. आईच्या आयुष्यात तिला घेऊन कुणी एवढ्या जोरात गेल्याचं ते पहिलं आणि शेवटचं. पुढे लग्न होऊन मिरजगावला आली ती घरात. दारावरून रात्रंदिवस सोलापूरच्या गाड्या पळायच्या आणि ती आत भाकरी थापायची.

तर त्या बाईला, नेमकी गाडी सुरू झाली की, चहाला पिटाळायचं.

बरं, निदान आवाज तरी ऐकू यावा! पण पंपाचा स्टोव्ह पेटला की भर्रर्र करून असा घुमायचा, की गाडीचा आवाज त्यात बुडून जायचा. मग आई काय करायची, तर दारातून पुरुषांची तोंडं बघायची. थोरल्या चुलत्यांनी मान डावीकडे केली, म्हणजे गाडी डावीकडे वळली. सगळ्यांनी एकदम श्वास रोखला, म्हणजे रेल्वेचं फाटक. आण्णांचा पाय जमिनीवर दाबला गेला, म्हणजे ब्रेक. त्या तोंडांवरून ती पाठलाग जुळवायची आणि हातातली गाळणी तशीच धरून उभी राहायची. मला हे दिसायचं आणि राग यायचा.

मी दारात उभी राहून तिला ओरडून सांगायला लागले. "आता बाजारात शिरला! गाडा उलटा केला! टमाटे सांडले!" आण्णा खेकसायचे, "गप गं, ऐकू दे." पळापळीत ऐकायचं काय असतं? तिथे कोण कीर्तन करत होतं?

आई कधी चिडली नाही, याचा तर मला सगळ्यात जास्त राग होता. कपांचा ट्रे घेऊन ती बाहेर यायची तोवर चोराच्या हातात बेड्या पडलेल्या असायच्या. ती हळूच मला विचारायची, "घावला का?" मी म्हणायचे, "घावला." ती म्हणायची, "कुठनं वळून घावला?" मी सांगायचे. तेवढ्यावर ती समाधानी. निदान तसं दाखवायची तरी.

मग मालिकेचा शेवटचा भाग आला. आदल्या आठवड्यातच दाखवलं होतं, की सगळ्या भागांत निसटलेला मोठा चोर आता पळणार आणि गुप्तहेर त्याला घाटापर्यंत पिटाळत नेणार. घाट म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी बघितलं. त्या संध्याकाळी मालिकेच्या आधी मी आत गेले तर तिने चहा करून ठेवला होता आणि फडताळातून थर्मास काढून, दोनदा विसळून, त्यात ओतत होती. "आज मी बसनार," ती म्हणाली. "बाहेर. तुझ्याजवळ." नवी नवरी बोलावी तशी लाजत बोलली.

इथे आमच्याकडची एक समजूत सांगायला हवी. आमच्याकडे थर्मास निघतो तो फक्त आजाऱ्यासाठी. नगरच्या दवाखान्यात कुणी पडलं असेल, तर घरून डबा आणि थर्मास जातो. माणूस बरा होऊन आला की थर्मास धुऊन वर ठेवायचा आणि त्याचं नावही काढायचं नाही. धडधाकट माणसापुढे थर्मास ठेवणं म्हणजे त्याच्या आजारपणाला आवतण देणं. आईला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तिला वाटलं, एका दिवसाने काय होतंय. तिची चूक म्हणायची असेल तर एवढीच.

ती बाहेर आली. भिंतीशी माझ्याजवळ बसली. पदर नीट केला. आयुष्यात पहिल्यांदा तिला टीव्ही समोरून दिसत होता. अर्धा भाग तिने असा बघितला की मधून मधून ती माझा दंड दाबायची. चोर गाडीकडे निघाला. आण्णा सवयीने म्हणाले, "चहा टाक."

"केलाय," आई म्हणाली आणि तिने थर्मास पुढे सरकवला.

थोरले चुलते थर्मासकडे साप बघावा तसे बघायला लागले. "ह्ये कशाला काढलंय? कोन आजारी हाय हितं?"

"ताजाच हाय भावजी. आत्ताच भरलाय."

"ताजा आसू दे न्हाय तर शिळा. दवाखान्यातलं भांडं ते. आमाला आडवं करायचं का काय?"

कुणी हात पुढे केला नाही. सगळे आण्णांकडे बघायला लागले. चारचौघांत मान खाली गेल्यासारखं आण्णांना झालं असावं. ते आईला म्हणाले, "काय येडी का खुळी? जा, दुसरा टाक."

मागे टीव्हीत फियाटचं दार आपटल्याचा आवाज आला. आई उठली. तिने पडद्याकडे एकदा बघितलं, घाटातल्या पांढऱ्या कठड्यांची पहिली रांग दिसत होती, आणि ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मग भर्रर्र.

एरवी आमच्याकडे वीज अशी बेभरवशाची, की लग्न लागताना जायची. त्या दिवशी मी मनातल्या मनात म्हणत होते, जा, आता जा, कुणालाच दिसू देऊ नकोस. नेमकी त्या दिवशी ती गेली नाही. सगळ्या पुरुषांनी घाटातला पाठलाग अथपासून इतिपर्यंत बघितला. मी थर्मास ओढून घेतला, झाकणात चहा ओतला आणि त्यांच्यासमोर प्यायले. मग दुसरा ओतला. थोरले चुलते म्हणाले, "पोरगी आजारी पडंल बघा." मी आजारी पडले नाही. साधी शिंकसुद्धा आली नाही. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आता थोरले चुलते राहिले नाहीत. दुकान भाड्याने दिलं आहे. आण्णा थकलेत, दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघतात. मी पुण्याला असते. मध्यंतरी कुणीतरी पुन्हा हसण्यासाठी म्हणून एक तुकडा पाठवला आणि बघते तर तोच शेवटच्या भागातला घाट, अख्खाच्या अख्खा. हसणाऱ्यांना शिव्या घातल्या आणि तो जपून ठेवला. दिवाळीला मिरजगावला गेले तेव्हा आईला पलंगावर बसवलं, तिचा चष्मा पुसून दिला आणि मोबाईल तिच्या हातात धरवला.

तिने तो बघितला. गाडी कठड्याला घासली तेव्हा तिने माझा दंड दाबला. वळणावर ती स्वतःच थोडी कलली. अँबॅसिडर दगडावर जाऊन थांबली, चोर हात वर करून उतरला, चित्र संपलं.

"संपलं?" ती म्हणाली.

"संपलं."

"एवढंच व्हय?"

मला वाटलं, इतकी वर्षं मनात मोठा करून ठेवलेला घाट हा, आणि निघाला एवढासा. मी काहीतरी समजूत घालायला जाणार, तर आईचं तोंड लाल झालेलं. तिला रागावलेलं मी तोवर खरोखर पाहिलं नव्हतं.

"आगं, एवढ्या येळात चहाला उकळी सुदीक येत न्हाई," ती म्हणाली. "मला वाटायचं, लई लांब पळत्यात. मानसं तवर किती येळ ताटकळतील, म्हनून मी आपली आत पळायचे. एवढंसं थांबवत न्हवतं व्हय त्यास्नी? एवढंसं?"

इतकी वर्षं तिच्या वाट्याचा राग मी सांभाळत होते. तो आता जिचा तिच्याकडे गेला.

बाहेर ओट्यावरून आण्णांचा आवाज आला. "अगं, चहा टाकती का जरा?"

"थांबा," आई म्हणाली. मग मोबाईल माझ्याकडे देत म्हणाली, "परत लाव."

मी परत लावला. संपला, तर म्हणाली, आणखी एकदा. मग आण्णांच्या चपला वाजल्या, ते भिंतीला धरत धरत आमच्यासमोरून आत गेले. भांडी खणखणली, एक झाकण खाली पडलं, गॅसचा खटका दोनदा वाजला.

"साखर कुठं हाय गं?" आतून आण्णांनी विचारलं.

फियाट नुकतीच दुसऱ्या वळणाला लागली होती. आईने मान वर केली नाही.

"हुडका," ती म्हणाली.