सायकलचे साठ टॉवेल

ईरप्पाचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गल्लीतला नळ चारला यायचा आणि पाचला जायचा. तेवढ्यात सहा घागरी भरायच्या, अंघोळ आणि पूजा उरकायची, दाक्षायणीनं बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्यायची आणि सायकल हाणत अक्कलकोट रोडवरचा टॉवेलचा कारखाना गाठायचा. सहा ते सहा पाळी. बारा तास उभ्यानं दोन माग सांभाळायचे. मागाजवळ बसायला काही ठेवत नसत. बसलेल्या माणसाला तुटलेला धागा उशिरा दिसतो, हे ईरप्पालाही मान्य होतं.

कारखान्यात चोवीस माग होते. अकरा आणि बारा नंबरचे ईरप्पाचे. एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी अकरा नंबरच्या मागाचा धोटा उडाला. धोटा म्हणजे मागाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोटातल्या कांडीवरचा धागा घेऊन पळणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी नोक. मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या. वाट चुकला तर तो दगडासारखा सुटतो. ईरप्पानं माग बंद केला आणि सवयीनं वाकून धोटा शोधू लागला. मागाखाली नाही. भिंतीशी नाही. मग त्याचं लक्ष शेजारच्या मागावरच्या सोमलिंगकडे गेलं. सोमलिंग दोन्ही हातांनी तोंड धरून उभा होता. त्याचा माग चालूच होता. धोटा त्याच्या पायाशी पडला होता.

सोमलिंग चोविशीतला. उजवा डोळा गेला. शेठनं मलमपट्टीचा खर्च दिला आणि त्याला घरी बसवलं.

“मागाला दोनी बाजूंनी तारेची जाळी लावा की, शेठ,” ईरप्पा म्हणाला. “धोटा उडाला तर जाळीत पडंल.”

“जाळी लावली की कांडी बदलायला वेळ जातो. माल कमी निघतो. तो कुनी भरायचा, तू?”

सुटीच्या दिवशी ईरप्पा आमदारांच्या बंगल्यावर गेला. सकाळी सातपासून एक वाजेपर्यंत बाकावर बसला. आतून निरोप आला, इलेक्शन झाल्यावर या.

घरी येऊन तो दाक्षायणीला म्हणाला, “आता इलेक्शन मीच करतो.”

“काय करता?”

“उभा ऱ्हातो. प्रत्येक मागाला जाळी, असा कायदा मागायचा. विधानसभेत.”

दाक्षायणी भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. “अय्यो! मुंबईला जानार तुमी? गावातल्या सात रस्त्याला गेला तरी वाट इचारत येता.”

पण ती आड आली नाही. सोमलिंगच्या आईचं तोंड तिनंही पाहिलं होतं.

ईरप्पाच्या घरात वडिलांचा हातमाग होता. त्यावर त्यानं प्रचाराचे टॉवेल विणायला घेतले. निशाणी सायकल ठरवली, कारण कामगार सायकलवर येतो. मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे असतात; सायकलच्या चित्राचे ते पुठ्ठे त्यानं स्वतः टोचले. चाकाची गोलाई तीनदा बिघडली, चौथ्यांदा जमली. अक्षरं घातली नाहीत; अर्ध्या गल्लीला वाचता येत नव्हतं. सूत पगारातून घेतलं. बारा तासांच्या पाळीनंतर रोज दोन तास, असे दोन महिने. साठ टॉवेल झाले. काठ सरळ, एकातही गाठ नाही. अर्ज भरायच्या आधीच ते साठ खांद्यांवर गेले. सोलापुरात पुरुषाच्या खांद्यावर टॉवेल असतोच. आता त्यावर लाल सायकल आली. जिकडं बघावं तिकडं सायकल. ईरप्पाची छाती भरून आली.

अर्ज भरताना त्यानं निशाणीच्या जागी सायकल लिहिली. त्याच्या हिशेबानं काम झालं. कारखान्यात ऑर्डर लिहून आली की तोच माल विणायचा असतो.

निशाणी वाटायच्या दिवशी निवडणुकीच्या साहेबांनी सांगितलं, दोन अपक्षांनी सायकल मागितली आहे, चिठ्ठी टाकू. दुसरा अपक्ष तंबाखूचा व्यापारी चनबसप्पा. चिठ्ठी निघाली. सायकल चनबसप्पाला. ईरप्पाला शिडी.

“साहेब, सायकल माजी हाय,” ईरप्पा म्हणाला. “विणून झाली की.”

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी पुढचं नाव पुकारलं. ईरप्पा तिथंच उभा राहिला. शिपायानं दंडाला धरून बाजूला केलं, तेव्हा त्याचे पाय हलले.

दुसऱ्या दिवसापासून तो टॉवेल परत मागत फिरला. बहात्तरचा फेब्रुवारी. पाळी सुटल्यावर रोज दोन गल्ल्या. अकरा टॉवेल मिळाले. कोपऱ्यावरच्या गोजाबाईनं तर नातवाचा टॉवेल घडी घालून मांडीखाली घेतला.

“आजी, निशानी बदलली. आता शिडी हाय.”

“मग शिडीचा आन. दोनी ठिवते.”

“टॉवेल बघून लोक सायकलीवर शिक्का मारत्याल की!”

“मारू दे. टॉवेल लई चांगला हाय, ईरप्पा. दिलेला टॉवेल आन दिलेलं मत, परत मागत न्हाईत लेकरा.”

मतमोजणीला ईरप्पा भिंतीला टेकून उभा होता. निवडून तिसराच आला. चनबसप्पा एक दिवस दुकानातून उठला नव्हता, त्याला चार हजारांवर मतं. ईरप्पाला दोनशे अकरा.

चनबसप्पा हार घेऊन घरी आला. “तुमच्या हाताला तोड न्हाई बघा,” त्यानं मनापासून सांगितलं. “अजून शंभर टॉवेल विणता का? रोख देतो.”

दाक्षायणीनं दार लावून घेतलं.

पुढं दुष्काळ आला, मग आणीबाणी. ईरप्पाचं पावणेचारला उठणं चुकलं नाही. आणखी दोघांना धोटे लागले, एकाचे दात गेले. अठ्ठ्याहत्तरला तो पुन्हा उभा राहिला. या खेपेला काही विणलं नाही. सायकल मागितली, आणि कुणीच आड न आल्यामुळं ती मिळाली. चनबसप्पा आता एका मोठ्या पक्षाचा उमेदवार होता. कारखान्याचा शेठ त्याच्या पाठीशी होता.

ईरप्पाचं भाषण पाच मिनिटांचं. कोपऱ्यावर सायकल स्टँडला लावायची आणि बोलायचं. “एका मागाचा धोटा उडाला. सोमलिंगचा डोळा गेला. जाळी असती तर गेला नसता.” पंचवीस दिवसांत दोनशेवर कोपरे केले. घसा बसला तरी थांबला नाही.

मतदानाच्या दिवशी तो शाळेकडं गेला. रस्त्यावर उमेदवारांची टेबलं लागली होती, मतदारांना चिठ्ठ्या द्यायला. चनबसप्पाच्या टेबलाशी सोमलिंग बसला होता.

ईरप्पाला आधी वाटलं, चिठ्ठी घ्यायला थांबला असेल. पण यादी सोमलिंगच्या हातात होती. तोच नावं शोधून चिठ्ठ्या फाडून देत होता.

“सोमलिंग?”

सोमलिंगनं मान वर केली. रिकाम्या डोळ्यातून पाणी यायचं, ते त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं टिपलं. टॉवेल बहात्तरचा होता. लाल सायकल विटून गुलाबी झाली होती.

“शेठनं वॉचमन केलंय, अण्णा. म्हैना झाला. हितं बस म्हनला, बसलो.”

“अरे, मी तुज्यासाठी गल्लोगल्ली...”

“म्हाईत हाय.” सोमलिंगनं यादी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. “सा वर्सं माझा डोळा सांगत फिरलासा. धोटा कुनाच्या मागाचा हुता, ते येकदा तरी सांगितलं का?”

ईरप्पाची नजर टॉवेलवरच्या विटलेल्या सायकलवर गेली. दोनशे कोपऱ्यांवरचा आवाज गेला कुठं?

“मी कदी बोललो का?” सोमलिंग म्हणाला. “न्हाई बोललो. पन एका डोळ्यानं माग चालत न्हाई, अण्णा. पोट चालवावं लागतं. सरका, रांग थांबलीया.”

ईरप्पा सरकला. मत न देताच घरी आला. दाक्षायणीनं पाणी दिलं.

“तुला ठावं होतं का,” त्यानं विचारलं, “की मी कदी माझा माग म्हनलो न्हाई?”

“व्हय.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी म्हनाल, असं वाटलं. दर भाषनाला वाटायचं.”

निकालात सहाशे चौऱ्याऐंशी मतं पडली. त्यानं आकडा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सहाला पाळीवर गेला. चनबसप्पाही पडला. त्याचं ईरप्पाला काही वाटलं नाही.

पुढच्या निवडणुकीच्या अनामतीसाठी तो पगारातून बाजूला टाकत राहिला. सवय होती. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात अकरा नंबरचा धोटा पुन्हा उडाला. कुणाला लागला नाही, भिंतीचा गिलावा फोडून पडला. ईरप्पानं माग बंद केला. या वेळी धोटा शोधला नाही. आधी सगळ्यांची तोंडं बघितली. मग मोठ्यानं म्हणाला, “माझ्या मागाचा हाय. सोमलिंगला लागला तोबी माझ्याच मागाचा.”

फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीत सोमलिंग होता. गिलावा फुटल्यावर सगळ्यांनीच माग थांबवले होते, त्याला ऐकू गेलं असणार.

ईरप्पा शेठकडं गेला. “तार माजी, घाम माजा. सुटीच्या दिवशी लावतो. कांडी बदलायला जाळीला बारकं दारबी ठिवतो.”

शेठनं हिशेब केला. त्याचं काहीच जात नव्हतं. “लाव,” म्हणाला.

एका मागाला दोन जाळ्या. लाकडी चौकट, तिला तार, कडेला बिजागरी. एका जाळीला तीन तास. चोवीस मागांना साडेपाच महिने, सुटीचा एकही दिवस न चुकता. पहिली जाळी अकरा नंबरला बसली. चौकट धरायला माणूस लागतो. तिसऱ्या सुटीपासून सोमलिंग येऊन ती धरू लागला. फक्त म्हणायचा, “डावीकडं जरा वर.”

दोन निवडणुकांत ईरप्पाला सगळी मिळून आठशे पंच्याण्णव मतं पडली. तिसऱ्या निवडणुकीच्या अनामतीसाठी साठवलेल्या पगाराची तार आली. अठ्ठेचाळीस जाळ्यांना पुरली, वर हातभर उरली.