काकींचा चिखल

भाट्याच्या पुलावर एसटी आली तेव्हा सुकती (ओहोटी) लागली होती आणि मी खिडकीला चिकटले होते. काकांनी पुण्याला फोन केला होता, "ये, कांदळवन दाखवतो. स्वतः लावलंय." काकांचा जन्म बोटीवर गेला. निवृत्त होऊन आता ते खाडीकाठच्या घरी परतले होते.

घरी पोचले तर काका खुशीत आणि काकी गप्प. मी कारण विचारलं.

"तिसऱ्या मिळत होत्या तिथं ह्यांनी बगीचा केलानी," काकी म्हणाल्या. तिसऱ्या म्हणजे चिखलातले छोटे शिंपले. सुकतीला काकी त्या वेचत आणि बाजारात नेत. झाडांच्या मुळांनी चिखल आवळला की तिसऱ्या संपणार, हा त्यांचा घोर होता.

आम्ही तिघं खाडीत उतरलो. पहिल्याच पावलाला माझी चप्पल चिखलानं गिळली आणि काका मनसोक्त हसले. मग अभिमानानं त्यांनी कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं दाखवली. बोटीवरची शिस्त इथेही होती, रांगा अगदी सरळ. लांब चोचीचे पक्षी मात्र रांगा टाळून पलीकडच्या उघड्या चिखलात किडे टिपत होते.

"ही जागा ओसाड होती गं," काका मला म्हणाले.

काकींनी वाकून रांगेतला चिखल उकरला आणि मूठभर तिसऱ्या काकांच्या हातावर ठेवल्या. "तुमी बोटीवर होतात. ह्या चिखलानं संसार सांभाळलान."

काकांनी त्या तिसऱ्या जपून काकींच्या टोपलीत ठेवल्या. मला फार वाईट वाटलं काकांचं.

"मग कांदळ नकोच म्हणतेस?"

"मी कुठं तसां म्हणतंय? तो काठ ढासळतोय, तिथं लावा."

रोपांनी अजून मुळं धरली नव्हती. काका अलगद उपटत गेले, मी टोपलीतून वाहत गेले. काठावर प्रत्येक रोप खोवण्याआधी काका विचारत, "इथं चालेल?" आणि काकी थोडा भाव खाऊन मान डोलवत. भरती चढेपर्यंत आम्ही तिघंही कमरेपर्यंत माखलो होतो.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत मनात आलं, खाडीची काळजी घ्यायची तर झाडं हवीत, तसा मोकळा चिखलही हवा. निघताना निरोप द्यायला दारात कोणीच नव्हतं. सुकती लागली होती. काकी तिसऱ्या वेचत होत्या आणि काका टोपली धरून त्यांच्या मागोमाग चालले होते.