चार ओळींचा खुलासा

केशव देवळाणकर सव्वीस वर्षं वैजापूरहून संभाजीनगरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत होते. विचारपूस केल्याशिवाय त्यांनी कधी ओळ लिहिली नाही.

एके दिवशी कुणा गावकऱ्यानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ फिरला. अंगणवाडी सेविका आशाबाई पोषण आहाराचं पोतं चोरून नेतात, असं त्यावर लिहिलं होतं. केशवराव गावात गेले, नोंदवही पाहिली. पोत्यात अळ्या पडलेली डाळ होती आणि ती परत पाठवायचा लेखी आदेश होता.

त्यांनी लगेच ऑफिसला फोन लावला. उपसंपादक म्हणाला, "सर, व्हिडिओ सकाळीच आपल्या वेबसाइटवर टाकलाय. तीन लाख लोकांनी पाहिला. आता काढला तर आपलीच नाचक्की."

तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. तो अंक घेऊन केशवराव आशाबाईंकडं गेले. तोवर बाईंनी राजीनामा दिला होता.

"भाऊ, पेपर कोण वाचतंय आता? माझ्या लेकीनं सासरी तोच व्हिडिओ बघितला. तिनंबी इचारलं, आई, असं का केलंस?"

केशवरावांनी अंक घडी घालून पिशवीत ठेवला. महिनाभरात त्यांनी बातम्या पाठवणं बंद केलं. ऑफिसातून कुणी कारणही विचारलं नाही.