शववाहिनीचं मागचं दार

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाच्या शववाहिनीला ड्रायव्हर मिळेनासा झाला, तेव्हा बैठकीत मीच म्हटलं, मी चालवतो. मी नुकताच रिटायर झालो होतो. बायको त्याच्या आधीच गेलेली, मुलगा बंगलोरला. हरिशंकरपुरमच्या घरात सकाळ कशीबशी निघायची, दुपार मात्र निघता निघत नसे. लोकांना वाटलं मला समाजसेवेची आवड आहे. मला फोन वाजलेला हवा होता, एवढंच.

गाडी म्हणजे साधी पांढरी व्हॅन. पुढे दोन सीट, त्यामागे पक्की बसवलेली काच, काचेपलीकडे स्ट्रेचर. मागचं दार ड्रायव्हरजवळच्या बटणानेच उघडायचं. त्याला आतून कडी नव्हती. ती कोणाला लागणार होती?

जानेवारीतल्या एका सकाळी नया बाजारातून फोन आला. इतका दाट कोहरा होता की समोरची रिक्षा आवाजावरून ओळखावी लागत होती. पुण्याचे नातेवाईक त्याला धुकं म्हणतात, आम्ही ग्वाल्हेरवाले कोहराच म्हणतो. गेलेले गृहस्थ आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच राहत. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. बहीण शाळेत गाणं शिकवायच्या. गणपतीत त्या आरतीचा सूर धरत, म्हणून मी चेहऱ्याने ओळखत होतो. मी त्यांना ताई म्हणे, त्यांच्या भावाला भाऊ.

शेजारच्या दुकानदारांनी खांदा देऊन भाऊंना खाली आणलं. ताईही शाल घेऊन उतरल्या. "औरतें नहीं जातीं वहाँ," जिन्यात कोणीतरी हळूच म्हणालं.

"मग कोण जाणार?" ताई म्हणाल्या, आणि येऊन माझ्या शेजारी बसल्या. भाऊंचा पुतण्या नाशिकहून निघाला होता, पण कोहऱ्यात गाड्या कुठे कुठे अडकून पडल्या होत्या. शेजारी स्कूटरवर मागून आले.

रस्त्यात वायपर आपोआप सुरू झाले. मी बंद केले, ते पुन्हा सुरू झाले. काही दिवसांपासून गाडी असे चाळे करत होती, कधी दिवे मिचकवायची, कधी दारांची कुलपं आपोआप लागायची. मुक्तिधामच्या, म्हणजे इथल्या स्मशानाच्या, फाटकातून आत शिरलो आणि हॉर्न वाजायला लागला. मी हात लावलेला नव्हता. किल्ली काढली तरी तो वाजतच राहिला. त्यातच खट् करून सगळी कुलपं लागल्याचा आवाज आला.

आतल्या कडीने माझं दार उघडून मी मागे गेलो आणि मागचं दार ओढलं. उघडेना. बटण दाबून आलो, पुन्हा ओढलं. शेजाऱ्यांनीही ओढून पाहिलं. दुसऱ्या चितेपाशी उभी असलेली माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"शीशा तोड़ दें क्या, अंकल?" एकाने विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या. "त्याच्या अंगावर काच पडेल."

हॉर्न चालूच होता. ताई पुढच्या सीटवर गुडघा टेकून मागे वळल्या आणि काचेवर तळहात ठेवून म्हणाल्या, "दादा, थांब हं जरा. गाडी बिघडली आहे." मग काय वाटलं कोण जाणे, त्या बोलतच राहिल्या. गॅस बंद केला आहे, दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर सांगितलं आहे, तुझा स्वेटर मीच घालून आले आहे, फार थंडी आहे. हॉर्नच्या आवाजात ते शेजाऱ्यांना ऐकू गेलं नसेल. मी ड्रायव्हरच्या उघड्या दारापाशीच उभा होतो, मला गेलं. याच गाडीतून माझ्या बायकोला नेलं होतं. तेव्हा भोवती इतकी माणसं होती की मला तिच्याशी एक शब्दही बोलता आला नव्हता.

मी आमच्या गाडीच्या मिस्त्रीला फोन लावला. त्याचं वर्कशॉप बिर्लानगरला. फोनमधून हॉर्न ऐकूनच तो म्हणाला, "अंकल, बैटरी का तार निकालो. थोड़ी देर छोड़ के वापस लगाना. लॉक खुले तो तुरंत दरवाज़ा खींच लेना."

तार काढली आणि एकदम शांत झालं. इतकं, की लाकडं तडतडताना ऐकू आली. थोड्या वेळाने मी तार परत जोडली. कुलपं खटकन उघडली, तेवढ्यात शेजाऱ्याने दार ओढून धरलं आणि मग शेवटपर्यंत सोडलं नाही. भाऊंना अग्नी ताईंनीच दिला. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला गडबड बिलकुल आवडत नसे हो. आणि आज पाहा."

गाडी तशीच बिर्लानगरला नेली. मिस्त्रीने स्कॅनर लावला, डॅशबोर्डखालचं पॅनल काढलं आणि आतली एक काळी डबी मला दाखवली. दिवे, वायपर, हॉर्न, कुलपं, सगळ्यांना हुकूम देणारी हीच. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. पुढच्या काचेचं रबर सडलं होतं, तिथून झिरपलेलं पाणी थेट डबीवर पडत होतं. तिच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला. नवी डबी दिल्लीहून यायची होती, तोपर्यंत गाडी उभी.

ते दिवस मला जड गेले. सुरुवातीला एका घरून फोन आला. गाडी बंद आहे म्हणून सांगितलं, तर त्यांनी दुसरी सोय केली. मग कोणी फोनच केला नाही. मी रोज वर्कशॉपला जाऊ लागलो. जुन्या मिल-वस्तीतून पायी जायचो, मिस्त्रीच्या बाकावर बसायचो. डबी आली का विचारायचो, नाही म्हणाला की चहा पिऊन परत.

एकदाची आली. मिस्त्रीने बॅटरी सुटी केली, जुन्या डबीचे नट काढले, एकेक प्लग उपसून नव्या डबीला लावला. काचेचं रबरही बदललं. मला वाटलं झालं. पण गाडी सुरूच होईना. नव्या डबीला आधी गाडीची ओळख करून द्यावी लागते, मग किल्ल्यांची.

"दूसरी चाबी कहाँ है? दोनों साथ में लगेंगी."

"घरी आहे," मी म्हणालो, मग हिंदीत सांगितलं.

"तो फ़ोन कर दो, कोई लेके आ जाएगा."

मी खिशातून फोन काढलासुद्धा. हातात धरून नुसता उभा राहिलो. मग म्हटलं, मीच आणतो. रिक्षा करून हरिशंकरपुरमला गेलो, कुलूप उघडलं, कपाटातली किल्ली घेतली, कुलूप लावलं. परत येईपर्यंत मिस्त्री जेवून तयार बसला होता. दोन्ही किल्ल्या ओळखून झाल्या आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी मागचं दार किती वेळा उघडबंद केलं असेल! शेवटी तो हसून म्हणाला, "बस अंकल, अब नहीं अटकेगा."

घरी न जाता मी गाडी घेऊन नया बाजारात गेलो. दार ठीक झालं, हे ताईंना सांगायचं होतं. पुतण्या येऊन, दिवस करून परत गेला होता. थोड्या अस्थी ताईंनी मागे ठेवून घेतल्या होत्या. भावाला चंबळ आवडायची, तिथे त्यांना त्या स्वतः सोडायच्या होत्या, पण नेणार कोण?

"माझी गाडी चालेल का?" मी विचारलं. "तशी गाडी आहे, म्हणून विचारतो."

"मग काय झालं? मी आधी बसले आहे तिच्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरैन्याच्या रस्त्याने निघालो. कलश त्यांच्या मांडीवर. शववाहिनी पाहून ट्रकवाले बाजूला व्हायचे, कोणी हात जोडायचं. मागचं स्ट्रेचर रिकामं आहे, हे त्यांना काय माहीत. पुलाच्या अलीकडे गाडी लावून आम्ही हळूहळू पाण्यापर्यंत उतरलो. ताईंनी कलश रिता केला आणि बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी जरा दूर थांबलो. परत येऊन बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मी म्हणालो, "कोणी नाही." त्यांनी मान हलवली. ग्वाल्हेरला उतरताना म्हणाल्या, "चहाला येत जा."

नंतर मी अधूनमधून त्यांच्याकडे चहाला जायचो. त्या गाण्याच्या शिकवणीतले किस्से सांगत, मी गाडीचे. उन्हाळा लागता लागता पुतण्या आला आणि त्यांना नाशिकला घेऊन गेला. एकट्या कशा राहणार, त्याचंही बरोबर होतं. जिन्याला कुलूप लागलं. गाडी तेव्हापासून एकदाही बिघडलेली नाही, त्यामुळे बिर्लानगरलाही जाणं होत नाही.

मागच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. मी विचारलं, करमतं का तिकडे?

"सगळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "बिल्डिंगभर मराठीच. पण मी आपली ग्वाल्हेरची मराठी बोलायला लागले ना, की ते माझ्याशी हिंदीत बोलतात."

मी हसलो. त्याही हसल्या. पलीकडून कुकरची शिटी ऐकू आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "चला, ठेवते," आणि तरी लगेच ठेवला नाही.