बिनानावाचा जवान

बाळांनो, चित्रकथेतला मुखवटेवाला वीर सिनेमातलाच का, असं काल फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते. आष्ट्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या लाडक्या मालिकेतला जवान बर्फात हरवला आणि मालिकाच संपली. पुढे त्या मालिकेवरची कादंबरी मी त्यांना वाचून दाखवत होते, तेव्हा त्यात इस्पितळात एक बिनानावाचा जवान भेटला. "अगं, ह्यो आपलाच न्हवं?" मी म्हटलं, "आपला चहाला शिवत नसे, हा तर चहा मागतोय." "बर्फातनं आलेला च्या न्हाई तर काय ताक मागंल? आपल्याचं नाव लिही तितं!" त्यांच्या स्वतःच्या मुलाचा सीमेवरून बरेच दिवस फोन नव्हता. मी पेन्सिलीने समासात नाव लिहिलं. मुलगा पुढे सुखरूप आला. आता जाऊबाई नाहीत. समासातलं नाव अजून वाचता येतं.