अर्ध्यावर उलगडलेला ताका

काल कोऱ्या कापडाच्या कांजीचा वास आला आणि बमरोलीच्या आमच्या खोलीतली एक दुपार आठवली. मी तेव्हा तिथल्या मागांच्या कारखान्यात कापडाचे ताके तपासून बांधायचे. माझी लेक वैशाली कर्नलचं काम करायची. फौजेतला कर्नल नव्हे हो, संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. जगभरची माणसं मिळून तो लिहितात. त्यात तिची एक दुरुस्ती घेतली गेली होती आणि त्याच जोरावर तिची नोकरी ठरत आली होती.

मग नव्या गाभ्यावर लोकांचे संगणक मधेच थिजायला लागले. शेकडो बदलांतला कुठला बाधला, ते ती शोधत होती. मी विचारलं, "एकेक बघतेस?"

"नाही गं आई. मधला उघडते. तिथं बिघाड असला तर मागे जाते, नसला तर पुढे."

"अगं, मग हा ताकाच की! तुटल्या धाग्याची रेघ कुठून सुरू झाली ते आम्हीही कापड मधोमध उलगडूनच बघायचो."

"झालीस तू पण कर्नलवाली!"

अर्धं, मग त्याचं अर्धं करत शेवटी एकच बदल उरला. वैशालीनं त्याखालचं नाव वाचलं. "आई, हा तर माझाच."

"गुपचूप नीट कर ना, कोणाला कळतंय?" मी म्हटलं. खोट आतल्या घडीत घालून मीही ताके बांधले होते की.

तिनं सरळ सगळ्यांना लिहिलं: चूक माझी आहे, बदल मागे घ्या.

तेव्हा वाटलं, पोरीनं आपल्या हातानं नाव घालवलं. आता वाटतं, घडीत दडवलेली खोट कधीतरी उलगडतेच; बरं झालं, तिनं माझं ऐकलं नाही.