तुळजाबाईंना न सांगता

उद्या ऑपरेशन असलेल्या बाईला आदल्या संध्याकाळी तयार करणं हे माझं काम. काख साफ करायची, औषधी साबणाने आंघोळ घालायची, रात्री बारानंतर पाण्याचा घोटही नाही हे चारदा बजावायचं. तुळजाबाई सगळं मुकाट करून घेत होत्या. हिंजवडीकडच्या गावच्या. रानात काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या तरी दोन म्हशी त्यांनी सोडल्या नव्हत्या, आणि घोर होता तो म्हशींचाच.

"परवा धारंला घरी जाईन न्हवं, शिश्टर? गाठ तर सुपारीएवढीच हाय."

माझा हात थांबला. उद्या त्यांचा डावा स्तन काढायचा होता.

बाहेर त्यांचा मुलगा साईनाथ, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मोबाइलवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. त्याला गाठलं.

"सिस्टर, प्लीज. फक्त गाठ काढणार असं सांगितलंय. खरं कळलं तर आई खचेल."

"आणि पट्टी सोडल्यावर? मांजराने नेला म्हणायचं का?"

माझी जीभ तिखटच. पण त्याचा राग आला तशी कीवही आली. डॉक्टरांना त्याने 'आईला कल्पना आहे' असं ठोकून दिलं होतं. मी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश सगळं सांगितलं. नको म्हणायचा हक्क आहे, हेही. तुळजाबाईंनी पदर छातीवर घट्ट ओढला. मग दारात उभ्या मुलाकडे वळल्या.

"रान इकलं तवाबी मोजणीवालं दारात आल्यावर मला कळलं. तुझ्या बापानं कशाचा कागद त्ये न सांगता हात धरून अंगठा उठवून घेतला हुता. ह्ये माझं अंग हाय, साईनाथ."

"आई, तू जगावीस म्हणून..."

"मंग मला इचारायचं हुतंस."

तो रडायला लागला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "न्हाय काढलं तर?" असं डॉक्टरांना विचारलं, उत्तर पुरतं ऐकून घेतलं. मग संमतीचा कागद मागितला आणि मला तो पहिल्यापासून वाचायला लावला.

मी शाई पुढे केली. साईनाथने सवयीने आईचा अंगठा धरायला हात पुढे केला.

"लांब हो."

त्यांनी अंगठा इतका जोरात दाबला की तो कागदावर फरफटला. मी दुसरा कागद आणला. त्यावर त्यांनी अंगठा स्वतःच उठवला; मलाही हात धरू दिला नाही.